जड फोन दणकट वाटतो तो कशामुळे, आणि खाऱ्या वाऱ्यात त्यातलं काय टिकतं

प्रश्न मालवणहून आलाय. थोडक्यात असा: "माझं रोजचं काम जेटीवर आणि पर्यटकांच्या होडीवर. दुकानात दोन फोन हातात घेतले. एक १७२ ग्रॅमचा, १६४ × ७६ × ८.२ मिमी, प्लॅस्टिकची पाठ आणि प्लॅस्टिकची फ्रेम. दुसरा २१८ ग्रॅमचा, १६२ × ७७ × ८.४ मिमी, काचेची पाठ, ॲल्युमिनियमची फ्रेम. दुसरा हातात घेताच महागडा वाटला, पहिला खेळण्यासारखा. फरक ९ हजारांचा. जड आहे म्हणजे मजबूत आहे का? आणि आमच्या हवेत धातू टिकेल का?"

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. दुकानात दोन मिनिटांत हाताला जे जाणवतं त्याचा एक, आणि दोन पावसाळे काढल्यावर फोनचं जे उरतं त्याचा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी सरळ आहे. दुसरं तुम्ही फोन कुठे ठेवता, कव्हर लावता का आणि ओल्या हाताने चार्जर लावायची सवय आहे का, यावर ठरतं.

आधी वजन. हाताला नुसते ग्रॅम कळत नाहीत. डोळ्यांना दिसणारा आकार आणि हाताला लागणारा भार यांचा मेळ मेंदू बसवतो. मोठा दिसणारा फोन हलका लागला की तो पोकळ वाटतो आणि लहान दिसणारा जड लागला की भरीव वाटतो. म्हणून गिऱ्हाइकाला मी वजन बघायला सांगत नाही, घनता काढायला सांगतो. लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये गुणा आणि वजनाला त्या आकड्याने भागा. तुमचा पहिला फोन येतो १.६८, दुसरा २.०८. १.८ च्या खालचे फोन बहुतेकांना पोकळ वाटतात आणि दोनच्या वर गेले की ठोस वाटायला लागतात, असा माझा ठोकताळा आहे. आयफोन १४ प्रो या हिशेबाने जवळजवळ २.५ येतो, म्हणून तो आकाराने लहान असूनही हातात दगडासारखा बसतो. याउलट जुना नोकिया ३३१० काढून बघा: १३३ ग्रॅम, पण जाडी २२ मिमी, त्यामुळे घनता जेमतेम १.१. तो फोन दणकटपणासाठी अजून आठवला जातो. म्हणजे भरीव वाटणं आणि मजबूत असणं यांचा संबंध किती कच्चा आहे ते इथेच कळतं.

आता तुमच्या दोन फोनांमधले ४६ ग्रॅम कुठून आले ते बघू. ढोबळ हिशेब कुणालाही करता येतो. तुमच्या दुसऱ्या फोनची पाठ साधारण १२५ चौरस सेंटिमीटर. ०.६ मिमी जाडीची काच धरली तर १८ ग्रॅम. प्लॅस्टिक जरा जाड, ०.८ मिमी, लागतं, तरी ते १२ ग्रॅमच्या आसपास भरतं. फरक सहा ग्रॅम. फ्रेमचा घेर ४८ सेंटिमीटर, रुंदी ८ मिमी आणि भिंत दीड मिमी धरली, तर तीच फ्रेम प्लॅस्टिकमध्ये ७ ग्रॅम, ॲल्युमिनियममध्ये १५, टायटॅनियममध्ये २५ आणि स्टेनलेस स्टीलमध्ये ४६ ग्रॅमच्या आसपास जाते. घनताच तशी आहे: प्लॅस्टिक १.२, ॲल्युमिनियम २.७, टायटॅनियम ४.४, स्टील ८. म्हणजे तुमच्या बाबतीत पाठ आणि फ्रेम मिळून फरक पडला चौदा-पंधरा ग्रॅमचा. उरलेले तीसेक ग्रॅम आतले आहेत: बॅटरी, कॅमेऱ्याचं मॉड्यूल, स्क्रीनखालची धातूची पत्री, उष्णता पसरवणारी चकती. ५००० एमएएचची बॅटरी एकटीच ७० ग्रॅमच्या घरात असते, आणि दर हजार एमएएचमागे बारा-चौदा ग्रॅम वाढतात.

म्हणून माहितीपत्रकात आधी दोन्ही फोनांच्या बॅटऱ्या ताडून बघा. जास्तीचं वजन बॅटरीचं असेल तर ते रोज उपयोगी पडणारं वजन आहे. ते कॅमेऱ्याचं असेल तर ते कुठे बसलंय ते तपासा. फोन आडवा धरून एका बोटावर तोला. तोल मधोमध किंवा किंचित खाली आला तर ठीक. कॅमेऱ्याकडे सरकला असेल तर एका हाताने टाइप करताना फोन पुढे कलतो आणि अर्ध्या तासात मनगट बोलायला लागतं. होडीवर एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने फोन वापरायचा असेल, तर मला हे एकूण वजनापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

साहित्य बदललं की वजन किती हलतं याचं सरळ उदाहरण ॲपलचंच आहे. आयफोन १४ प्रोची फ्रेम स्टेनलेस स्टीलची, वजन २०६ ग्रॅम. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, १५ प्रोला टायटॅनियम आलं आणि वजन १८७ वर उतरलं. एकोणीस ग्रॅम कमी झाल्याने तो कुणाला स्वस्त वाटला नाही. उलट २०२५ मध्ये १७ प्रोसाठी ॲल्युमिनियम आणलं, आणि त्यामागचं एक मोठं कारण उष्णता होतं. म्हणजे जड ते वरचं आणि हलकं ते खालचं अशी उतरंड खुद्द महागडे फोन बनवणारेही पाळत नाहीत.

वजनानंतर हाताला कळतो तो गारवा, आणि दुकानात सगळ्यात जास्त फसवतो तोच. एसीमध्ये २३-२४ अंशांवर ठेवलेला फोन उचलला की बोटांची ऊब तो किती भराभर ओढून घेतो, ते आपल्याला गार म्हणून जाणवतं. ॲल्युमिनियमचे मिश्रधातू स्टीलच्या साधारण दहापट उष्णता वाहून नेतात. टायटॅनियम स्टीलच्याही निम्म्यावर असतं, काच त्याहून खाली आणि प्लॅस्टिक सगळ्यात शेवटी. म्हणून दुकानात धातू आणि काच गार लागते आणि प्लॅस्टिक कोमट. आता तोच फोन मे महिन्यात दुपारी जेटीवर आणा. हवा ३४ अंश, बोटाची कातडीही तेवढीच. उष्णता कुठून कुठे जाणार? दोन्ही फोन सारखेच लागतात. ऊन खाल्लेली ॲल्युमिनियमची फ्रेम तर प्लॅस्टिकपेक्षा जास्त चटका देते. किनाऱ्यावरच्या माणसाने गारव्यासाठी मोजलेले पैसे एसीच्या दाराबाहेर पडताच संपतात.

मात्र त्याच गुणाचा एक फायदा खरा आहे. उन्हात नकाशा लावून गाडी चालवताना किंवा बराच वेळ व्हिडिओ काढताना ॲल्युमिनियमची फ्रेम आतली उष्णता कडेपर्यंत पसरवते. प्लॅस्टिकमध्ये ती एका जागी साठते, मग स्क्रीन अंधूक होते आणि चार्जिंग मंदावतं. तेव्हा फोन बाहेरून तापलेला लागला तर लगेच घाबरायचं कारण नाही. आतली उष्णता बाहेर पडतेय एवढाच त्याचा अर्थ.

गारवा आणि वजन दोन्ही उसने आणता येतात, बांधणी येत नाही. दुकानात हे बघा. फोन दोन्ही टोकांना धरून अगदी हलका पिळा, करकर आवाज यायला नको. पाठीवर मधोमध अंगठा दाबा. पाठ आत जाऊन टक् आवाज आला तर खाली पोकळी आहे. नख फ्रेम आणि स्क्रीनच्या सांध्यावरून चारही बाजूंनी फिरवा. कुठे अडकलं तर तिथे पुढे वाळू आणि मीठ बसणार. आवाजाचं बटण टोकाला दाबा, नंतर मध्ये दाबा. दोन्हीकडे दाब सारखा लागला पाहिजे. फोन हलवल्यावर कॅमेऱ्यातून बारीक खडखड आली तर ते चित्र हलू नये म्हणून बसवलेलं स्थिरीकरणाचं भिंग असतं, तो दोष नव्हे. टाइप करताना कंपन कसं येतं तेही बघा. चांगली लिनिअर मोटर असेल तर एक छोटा, कोरा ठोका लागतो. स्वस्त फिरती मोटर अख्खा फोन गुणगुणवते. माझ्या मते फोन महाग की स्वस्त हे पाठीच्या काचेपेक्षा या मोटरवरून जास्त खरं कळतं, पण दुकानात ती कुणी तपासत नाही.

फ्रेम खरंच धातूची आहे की चांदीच्या रंगाचं प्लॅस्टिक, हेही ओळखावं लागतं. धातू रेडिओ लहरी अडवतो, म्हणून खऱ्या धातूच्या फ्रेममध्ये जागोजागी प्लॅस्टिकच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात. प्लॅस्टिकच्या फ्रेमला त्यांची गरज नसते. काही फोनांवर त्या नुसत्या रंगवलेल्या असतात, तेव्हा नख फिरवून सांधा लागतो का ते पाहा. पाठीवर नखाने टिचकी मारली तर काच टणक, वरच्या पट्टीत बोलते आणि प्लॅस्टिक बद्द. चकचकीत मुलामा दिलेलं प्लॅस्टिक आपल्याकडे सगळ्यात वाईट टिकतं. घाम आणि कव्हरची घासण यांनी वर्षभरात कोपऱ्यांवरचा मुलामा सोलपटतो आणि खालचं करडं प्लॅस्टिक दिसायला लागतं. त्यापेक्षा सरळ रंगीत, खरबरीत प्लॅस्टिकची पाठ कितीतरी प्रामाणिक.

दुकानातली आणखी एक अडचण म्हणजे मांडलेला फोन बहुधा चोरीच्या भीतीने वायर आणि चिमट्याला बांधलेला असतो. त्या चिमट्याचं ओझं हाताला लागतं आणि वजनाचा अंदाज चुकतो. काही ठिकाणी तर नुसता डमी ठेवलेला असतो. विकायच्या फोनपैकी एखादा उघडलेला असेल तर तोच मागा आणि त्याला तुम्ही लावणार तसलं कव्हर चढवून हातात घ्या. टीपीयूचं, म्हणजे लवचीक प्लॅस्टिकचं, साधं कव्हर पंचवीस-तीस ग्रॅमचं असतं, स्क्रीनवरची टेम्पर्ड काच नऊ-दहा ग्रॅमची. तुमचा २१८ ग्रॅमचा फोन खिशात जाईल तेव्हा अडीचशेच्या पुढे असेल, आणि काचेचा, धातूचा स्पर्श कव्हरखाली गेलेला असेल. कव्हर लावूनच वापरणार असाल तर महागड्या पाठीचे पैसे फक्त फोन कव्हरमधून काढाल त्या पाच मिनिटांसाठी आहेत.

मजबुतीचं म्हणाल, तर पडताना वजन तुमच्या विरुद्ध जातं. एकाच उंचीवरून पडला तर २१८ ग्रॅमचा फोन १७२ ग्रॅमच्या फोनपेक्षा सव्वापटीहून थोडा जास्त जोराने आपटतो. तो कशावर आपटतो हेही महत्त्वाचं. गुळगुळीत लादीवर सपाट पडलेला फोन कधीकधी वाचतो. चिऱ्याच्या पायरीवर किंवा जेटीच्या खडबडीत काँक्रीटवर सगळा मार एका टोकदार कणावर येतो आणि काच तिथूनच फुटते. ॲल्युमिनियमची फ्रेम कोपऱ्यात चेपते आणि थोडा मार स्वतः खाते. स्टील चेपत नाही, त्यामुळे मार पुढे काचेकडे जातो. प्लॅस्टिक लवतं आणि पुन्हा जागेवर येतं. पाठ प्लॅस्टिकची असेल तर फुटण्याचा प्रश्न निम्मा होतो, कारण फुटायला फक्त पुढची काच उरते. पण चेपलेल्या फ्रेमकडे नुसता ओरखडा म्हणून बघू नका. कोपरा वाकला की स्क्रीनखालचा डिंक तिथे सुटतो आणि पाणी आत यायला वाट होते.

इथून पुढे किनाऱ्याचा भाग, आणि तुमच्यासाठी खरा तोच.

हवेतलं मीठ फ्रेमपेक्षा जास्त नुकसान चार्जिंगच्या भोकात करतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मिठाचा कण हवेतूनच पाणी ओढून घेऊन पातळ होतो. आपल्याकडे पावसाळाभर हवा त्याच्या वरच असते. म्हणजे टाइप-सीच्या पोर्टमध्ये एकदा मीठ बसलं की ते वाळतच नाही. त्यात तुम्ही चार्जर लावता, वीज सुरू होते आणि खाऱ्या ओलाव्यातून पिनांचा धातू झिजायला लागतो. आधी पिनेवर काळपट डाग येतो, मग वरचा मुलामा जाऊन हिरवा तांब्याचा गंज दिसतो. चार्जर एकाच बाजूने लागला की चालतो, उलटा केला की नाही, अशी तक्रार आली की बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर बिनतारी चार्जिंगमध्ये घाला. खाऱ्या हाताने पोर्टला हात लावायची वेळच कमी येते. त्यासाठी पाठ धातूची चालत नाही, काच किंवा प्लॅस्टिकच लागतं. आणि प्लॅस्टिक चालतं, हे लक्षात ठेवा: २०२१ चा गॅलॅक्सी एस२१ प्लॅस्टिकच्या पाठीचा होता आणि बिनतारी चार्ज होत होता.

फ्रेमच्या धातूंचं असं: टायटॅनियमला समुद्राच्या पाण्याचं काहीच वाटत नाही. स्टेनलेस स्टीलपैकी ३१६ जातीत मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा बरंच जास्त तग धरतं. ॲल्युमिनियम स्वतः वाईट नाही. त्यावरचा ॲनोडाइझचा थर, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने चढवलेला ऑक्साइडचा कडक थर, शाबूत असेपर्यंत ते उत्तम राहतं, पण हा थर काही मायक्रॉनचाच असतो. चार्जिंग पोर्टच्या कडेला, जिथे वायर रोज घासते, तिथे तो आधी जातो आणि मग पांढऱ्या पिठासारखे ठिपके उठतात. खालचे स्क्रू स्टीलचे आणि फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंची जोडी जमते आणि झीज ॲल्युमिनियमच्या वाट्याला येते. स्टीलवरचा ओरखडा पॉलिश करता येतो, ॲनोडाइझ केलेल्या रंगावरचा नाही. घासलं की रंगच जातो. जाता जाता: ज्या टायटॅनियमची एवढी जाहिरात होते त्याचं एक मुख्य खनिज, इल्मेनाइट, रत्नागिरीच्या काळ्या वाळूत पडलेलं आहे.

त्याच वाळूचा उपद्रवही आहे. काळ्या वाळूत चुंबकाला धरणारे कण असतात आणि स्पीकरमध्ये चुंबक असतोच. फोन वाळूत ठेवला की हे कण जाळीवर जाऊन चिकटतात आणि आवाज फाटतो. साध्या वाळूतली गारगोटी काचेपेक्षा कठीण असते. कव्हर आणि फोनच्या मध्ये दोन-चार कण अडकले की ते दिवसभर फ्रेम घासतात. फोन सांभाळण्यासाठी लावलेलं कव्हरच मग पॉलिश-पेपरचं काम करतं. आठवड्यातून एकदा कव्हर काढा, गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. फ्रेम ओलसर फडक्याने पुसा, मग कोरड्याने. पोर्टसाठी फोन बंद करून मऊ नायलॉनचा ब्रश वापरा, त्यावर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एखादा थेंब. टाचणी अजिबात नको. कॉम्प्रेसरची हवाही नको, ती माइकचा पडदा फाडते.

कातडीसारख्या पाठींबद्दल दोनच वाक्यं. हाताला छान लागतात आणि घामाने निसटत नाहीत, पण त्या ज्याच्या बनतात ते पॉलियुरेथेन नावाचं प्लॅस्टिक ओलसर हवेत हळूहळू चिकट होतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कव्हरखाली त्यावर बुरशी धरते. काच आवडत असेल तर चकचकीतपेक्षा मॅट घ्या. दमट हवेत चकचकीत काच तळहाताला चिकटते.

पाण्यापासूनच्या संरक्षणाचं नीट समजून घ्या, कारण होडीवर हाच निकष पहिला. आयपी म्हणजे फोन धूळ आणि पाणी किती अडवतो याचा दर्जा. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं. आयपी६८ मध्ये खोली आणि वेळ कंपनी स्वतः सांगते. आयपी६४ म्हणजे फक्त शिंतोडे. या सगळ्या चाचण्या गोड्या पाण्यात होतात, समुद्राचं पाणी त्यात धरलेलं नसतं. आणि फोन एकदा उघडला की जुना डिंक संपला. स्क्रीन किंवा बॅटरी बदलताना नवीन डिंकपट्टी लावली का, हे विचारूनच पैसे द्या.

फोन समुद्रात पडलाच तर आधी बंद करा आणि चार्जर लावू नका. आयपी६७ किंवा ६८ चा, न उघडलेला, न चेपलेला फोन असेल तर लगेच नळाच्या मंद धारेखाली गोड्या पाण्याने धुवा. मीठ काढणं हे वाळवण्याआधीचं काम. मग पुसा, पोर्ट खाली करून तळहातावर हलके आपटा, पंख्याखाली ठेवा आणि निदान एक दिवस चार्जर दूर ठेवा. तांदळात पुरू नका. तांदूळ मीठ काढत नाही, उलट त्याचं पीठ पोर्टमध्ये जातं. संरक्षण नसलेला किंवा आधी उघडलेला फोन असेल तर धुवायच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे द्या. बोर्ड काढून अल्कोहोलने धुतला तर वाचू शकतो. दुसऱ्या दिवशी त्याची शक्यता बरीच कमी झालेली असते.

आता तुमचे ९ हजार. दुसऱ्या फोनला आयपी६७ किंवा ६८ आहे, बिनतारी चार्जिंग आहे आणि बॅटरी मोठी आहे असं माहितीपत्रकात दिसलं, तर जेटीवरच्या माणसाला तो फरक परवडतो आणि मी तोच घ्यायला सांगेन. यातलं काहीच नसेल, नुसती काच आणि ॲल्युमिनियम असेल, तर पहिला घ्या. उरलेल्या पैशातून कोपरे उचललेलं चांगलं कव्हर, गळ्यात अडकवायची पाणबंद पिशवी आणि वर्षाकाठी एक पोर्ट साफ करून घेण्याचा खर्च निघेल. दोन्ही फोनांचे आयपी आकडे, बॅटरी आणि चार्जिंगचा प्रकार इथे लिहा, म्हणजे नेमकं सांगता येईल.